एक्स्चेंजच्या मंदाताईंचा नेम

मंदाताई शिरढोणकरांनी आमच्या टाउनशिपमध्ये ज्या माणसांना गोळ्या घातल्या, ती सगळी मिळून एका रिक्षात मावली असती. त्यांतला एक मी. आणि मी त्यांच्याच बाजूने लढत होतो.

वाचून कुणी दचकू नये. गोळ्या कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या होत्या, आणि त्या दिवशी टीममध्ये एक पोरगा कमी पडला म्हणून मला बसवलं होतं. गोळीचा मला राग आला नाही. गोळी घातल्यावर त्या शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अगंबाई, दामले, तुम्ही होतात होय! मला वाटलं पिंप आहे." त्याचा आला. अजून आहे.

मंदाताई म्हणजे आमच्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर. मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्या काळी कारखान्यात आणि क्वार्टरांत एकमेकांशी बोलायचं तर आधी त्यांच्याशी बोलावं लागे. पुढ्यात भोकांचा मोठा बोर्ड, हातात दोऱ्या, डोक्यावर हेडफोन, आणि हेडफोनला स्वतः विणलेली जांभळी लोकरीची टोपी, कान दुखू नयेत म्हणून. फोन उचलून आपण 'हॅलो' म्हणायच्या आत त्या म्हणायच्या, "बोला दामले, सर्दी झालीय का?" नुसता श्वास ऐकून! मी ड्रॉइंग ऑफिसात होतो, त्या कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. आमची समोरासमोर भेट व्हायच्या आधी तीन वर्षं त्यांना माझी प्रत्येक सर्दी माहीत होती.

माझं लग्नही त्यांनीच लावलं म्हणायला हरकत नाही. मुलगी जबलपूरची होती. आमच्या साहेबांच्या परवानगीने मी एकदा तिला ट्रंककॉल लावला. मनात होतं सरळ विचारावं, पण जबलपूरचं हवामान, नर्मदेचं पाणी, तिच्या काकांचा दमा, असं करत करत गाडी पुढे जाईना. एवढ्यात मध्येच आवाज आला, "दामले, तीन मिनिटं झाली. मुलीला तुम्ही अजून काही विचारलेलंच नाही. वाढवू का?" मी गार पडलो. तिकडून ती हसायला लागली आणि म्हणाली, "वाढवा." आमची ही आजही म्हणते, की मी होकार दिला तो त्या बाईंना, तुम्हाला नाही.

एवढं सगळं कानावरून जाऊनही त्यांच्या तोंडून कधी एक अक्षर बाहेर पडलं नाही. आमच्या टाउनशिपमध्ये कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचीही चर्चा होई, तिथे ही बाई सगळ्यांची लफडी, भांडणं, बदल्या आणि मूळव्याधी पोटात घालून भाजी आणायला जायची. संपाच्या दिवसांत एकदा बड्या साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, युनियनवाले कुणाकुणाला फोन करतात? मंदाताई म्हणाल्या, "साहेब, नंबर विचारा, देते. बाकीचं डिरेक्टरीत नाही." संध्याकाळी युनियनच्या पुढाऱ्याने तेच विचारलं, त्यालाही हेच उत्तर. नंबर जो विचारेल त्याला द्यायचा, बरोबर द्यायचा, आणि लगेच द्यायचा. एवढाच त्यांचा धर्म होता. चुकीचा नंबर आपल्या हातून गेला या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा.

पुढे बोर्ड गेला, आपोआप चालणारं मशीन आलं, आणि मंदाताई रिटायर होऊन टाउनशिपला लागूनच्या इंद्रपुरीतल्या घरी राहायला गेल्या. क्लबाची मेंबरशिप मात्र रिटायर लोकांनाही असे. मी तेव्हा क्लबाचा इनडोअर गेम्सचा सेक्रेटरी होतो. म्हणजे कॅरमची पावडर संपली की शिव्या खायचं पद. ड्रॉइंग ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा मी जुने दहा झगडून क्लबात आणले, पोरं काहीतरी शिकतील म्हणून. पोरं बंदूक चालवायला शिकली.

खेळ असा होता. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाच्या पडद्यावर फक्त स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच, आणि पुढे बंदुकीची नळी. गल्ल्या, गोदामं, जिने, गच्च्या. ज्या बाजूचे सगळे मेले ती फेरी हरली. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. एक कळ दाबली की फक्त आपल्या टीमला ऐकू जायचं, दुसरी दाबली की साऱ्यांना. खेळणारे सगळे कारखान्यातलेच तरुण. कप्तान विक्रांत, पुण्याहून आलेला ट्रेनी इंजिनियर, मनगट असं चालायचं की माझ्या डोळ्यांना दिसायच्या आत समोरचा आडवा. दुसरा आसिफ, हायड्रो ब्लॉकमधला फिटर, बोलायला गोड आणि खेळायला तापट.

मंदाताई तिथे आल्या त्या भांडायला. शेजारच्या खोलीत बायकांचं भजन चाले, आणि ऐन आरतीत इकडून मशीनगन. दार ढकलून आत आल्या, "बंद करा रे मेल्यांनो!" पण कुणी ऐकेना, कारण सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. तेव्हा त्यांनी पहिल्या पोराचा, म्हणजे आसिफचा, हेडफोन काढून घेतला. त्याला ओरडायचं सोडून स्वतःच्या कानाला लावला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सवय. अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझ्या मागे पत्र्यावर कोण चाललंय?"

"कोई नहीं है आंटी," आसिफ म्हणाला आणि मेला.

त्या दिवशी आरती मंदाताईंशिवाय झाली.

दुसऱ्या दिवशी त्या ती जांभळी लोकरीची टोपी घेऊन आल्या आणि क्लबाच्या हेडफोनला चढवून बसल्या. नेम म्हणाल तर शून्य. माउस त्या पोळपाटासारखा दोन्ही हातांनी धरायच्या. समोर माणूस आला की डोळे मिटून गोळी झाडायच्या, आणि उघडून विचारायच्या, "लागली?" पण कान! पाऊल फरशीवर पडलं, की वाळूत, की पत्र्यावर, कुणी बंदूक भरतोय, कुणी नुसता थांबलाय, सगळं त्यांना कळे. त्या एक कोपरा धरून बसायच्या आणि तिथून हलायच्याच नाहीत. पोरांच्या जगात हे महापाप. "आंटी, ये तो डरपोक लोग करते हैं," आसिफ म्हणाला. मंदाताई म्हणाल्या, "अरे भल्या माणसा, एकतीस वर्षं एका खुर्चीत बसून काढली. सरकार पेन्शन देतंय त्याची."

मग त्यांनी पोरांचं बोलणं सुधारायला घेतलं. पोरं मेली की बोंबलायची, "अरे यार, पीछे से मार दिया, ये गलत है, मेरा माउस अटक गया!" एकाच वेळी चौघं. मंदाताई टेबलावर हात आपटायच्या. "एका लाइनवर एकच बोलेल! कुठे ते आधी, किती ते नंतर, आणि रडगाणं घरी जाऊन आईला." खेळातल्या जागांना पोरं काहीतरी इंग्रजी नावं द्यायची, ती त्यांना लक्षात राहीनात. त्यांनी आपली दिली. उंच जिना म्हणजे डिस्पेन्सरी, गोदाम म्हणजे रेशन दुकान, मागचा बोळ म्हणजे पोस्ट ऑफिस, आणि जिथे नेहमी माणूस मरायचा ते बड्या साहेबांचं केबिन. पंधरा दिवसांत सगळी टीम "दो आदमी रेशन दुकान में, एक डिस्पेन्सरी पे" असं बोलायला लागली. आणि जिंकायलाही लागली. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दारावर विक्रांतची यादी लागत असे.

ही यादी म्हणजे कुणी किती मारले याचा दर आठवड्याचा कागद. सगळ्यांत वर विक्रांत, सगळ्यांत खाली मंदाताई. मी एकदा सहज म्हटलं, "अरे, त्या असल्या की तुम्ही जिंकता, ते कुठे लिहितोस?"

"काका, ते लिहिता येत नाही," विक्रांत म्हणाला. "स्किल म्हणजे मनगट. बाकीचं म्हणजे सपोर्ट."

"तुला समोरचा कुठे आहे ते कोण सांगतं?"

"सांगणं वेगळं, मारणं वेगळं."

पुण्याच्या मुलाशी वाद घालायला मला डॉक्टरांनी मनाई केलेली आहे.

मग आली मॅच. गोविंदपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांच्या पोरांनी आपली एक टीम केली होती आणि आमच्या क्लबाला आव्हान पाठवलं होतं. पाच नावं मला टाइप करून, सही करून नोटीस बोर्डावर लावायची होती. चार ठरलेली. पाचवं मंदाताई की बंटी, एवढाच प्रश्न. बंटी नव्यानेच आलेला, यादीत थेट दुसरा, कानाने ठार बहिरा असल्यासारखा खेळायचा, पण मारायचा धडाधड. ठरवण्यासाठी आमच्याच दुसऱ्या सेक्टरच्या पोरांशी एक सराव मॅच ठेवली.

त्या मॅचमध्ये मंदाताईंनी जे केलं ते जगात दुसरं कुणी करणार नाही. शेवटची फेरी. आमचे तिघे जिवंत, त्यांत मंदाताईही, दबा धरून बसलेले. समोरच्यांतला एक वैतागून साऱ्यांना ऐकू जाणारी कळ दाबून म्हणाला, "अरे, सब कहाँ मर गए भाई?" आणि मंदाताईंनी उत्तर दिलं. एक्स्चेंजच्या आवाजात, तत्परतेने. "दो रेशन दुकान में, एक डिस्पेन्सरी के पीछे."

समोरची पोरंही टाउनशिपचीच. त्यांना मंदाताईंची सगळी नावं पाठ. आठ सेकंदांत आमचे तिघेही गेले.

विक्रांतने हेडफोन टेबलावर ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "काकू, तुम्ही त्यांना सांगितलंत," एवढंच म्हणाला.

"त्याने विचारलं रे!" मंदाताई म्हणाल्या. आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. बाईंचा चेहरा एवढासा झाला.

"अहो मग खोटं सांगायचं!" मी म्हटलं. " रेशन दुकानात नाही, पोस्टात आहेत म्हणायचं!"

"चुकीचा नंबर? मी?" त्या म्हणाल्या. झालं, तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी विक्रांत बंटीचं नाव घेऊन माझ्याकडे आला. तासाभराने मंदाताई आल्या. मी मनात धरलं, आता ही बाई जबलपूरचा कॉल काढणार आणि मला भिडेत पाडणार. त्या आल्या, पर्समधून रेवड्यांची पुडी काढली, माझ्यापुढे ठेवली, आणि बसल्या.

"दामले, मला या टीममध्ये खेळायचंय," म्हणाल्या. "बाकीचं तुम्हाला पटो न पटो. एकतीस वर्षं मी कारखान्यात होते. व्हॉलीबॉलची टीम झाली, कॅरमची झाली, बुद्धिबळाची झाली. सगळ्या याद्यांतली नावं मी फोनवरून बोलावून दिली, मॅचला या म्हणून. आम्हा बायकांना काय, तर रांगोळी आणि संगीत खुर्ची. मला बक्षीसही मिळालंय संगीत खुर्चीत. स्टीलचा डबा. पण टीममध्ये मला कुणी घेतलं नाही हो. आता जमतंय काहीतरी, तर हे सुटू नये असं वाटतं."

जबलपूर परवडलं असतं. मी विक्रांतला बोलावलं आणि सांगितलं, नाव मंदाताईंचं जाईल. तो म्हणाला, "काका, सही तुमची, पण हरलो तर तुमच्यामुळे. आणि ती दुसरी कळ त्यांनी एकदा जरी दाबून काही सांगितलं, तर पुढच्या फेरीला बंटी बसेल." मंदाताई म्हणाल्या, "कबूल." मी पाच नावं टाइप केली आणि दारू प्यायलेल्या माणसासारखी सही केली.

मॅच रविवारी सकाळी, क्लबाच्या हॉलमध्ये. टेबलांच्या दोन रांगा समोरासमोर, भिंतीवर मोठा पडदा, ज्यावर प्रेक्षकांना दोन्ही बाजू दिसतील. प्रेक्षकांत निम्मं भजनी मंडळ. गोविंदपुऱ्याचा कप्तान राजू, लेथवर काम करणारा, सावळा, अदबशीर, हाताचा भयंकर तेज. मंदाताई त्यांच्या खुर्चीत, जांभळी टोपी कानांवर, पाय टेबलाखालच्या पाटावर. फेऱ्या बरोबरीत चालल्या होत्या. मी पाणी पीत होतो, आणि तेही विसरून विसरून.

शेवटची फेरी. आमचे तिघे गेले. त्यांचे चौघे गेले. उरले विक्रांत आणि मंदाताई, आणि त्यांचा एकटा राजू. मिनिटभर बाकी, आणि त्या फेरीत जागा राखणारी बाजू त्यांची, म्हणून वेळ संपली तर फेरी राजूची. म्हणजे त्याने लपून बसलं तरी चालणार होतं. विक्रांत मागच्या बोळात, राजू कुठे ते त्याला माहीत नाही. मंदाताई आपल्या कोपऱ्यात. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

बातमी गोविंदपुऱ्यापर्यंत पोचलेली होतीच. राजूने ती दुसरी कळ दाबली आणि गोड आवाजात म्हणाला, "आंटीजी, नमस्ते. विक्रांत भैया कहाँ हैं?"

हॉल हसला. विक्रांतचा चेहरा मी समोरून पाहिला, पांढराफटक. त्याने टीमच्या लाइनवर ओरडून सांगितलं, "काकू, काहीही सांगा! केबिनमध्ये म्हणा! नाहीतर गप्प बसा!" आसिफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मी बघतो तर मंदाताईंचा अंगठा त्या दुसऱ्या कळेवर. खोटं त्या बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि कुणी विचारल्यावर गप्प बसायला त्यांना येत नाही हेही माहीत होतं. मी डोळे मिटले.

"नमस्कार," मंदाताई म्हणाल्या. "होल्ड कीजिए, देखती हूँ."

आणि राजूने होल्ड केलं! देवाशपथ सांगतो, मोठ्या पडद्यावर दिसत होतं, गडी बंदूक खाली करून उभा राहिला. त्या आवाजात होल्ड करा म्हटल्यावर आमच्या कारखान्यात बडे साहेबही थांबत, हा तर बिचारा लेथवरचा पोरगा. थांबताना मात्र त्याची दोन पावलं लाकडावर वाजली.

मंदाताईंनी कळ बदलली. "विक्रांत, डिस्पेन्सरी. वरची फळी. एकटा. पोस्टाकडून ये आणि चाल, धावू नकोस, धावलास की मला काय, त्यालाही ऐकू येईल."

विक्रांत चालला. घड्याळ पळत होतं.

"आंटीजी?" राजू म्हणाला.

"लाइन पर रहिए. मिला रही हूँ."

"जी."

भजनी मंडळातल्या एका बाईने दुसरीचा हात धरला होता, ती दुसरी "सोड गं, दुखतंय" म्हणत होती पण पडद्यावरून नजर काढत नव्हती. विक्रांत जिना चढला. एकेक पायरी. दहा सेकंद उरले होते तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "मिल गए. आपके ठीक पीछे खड़े हैं. बात कीजिए."

राजू वळला. वळेपर्यंत विक्रांतच्या बंदुकीचं बोलणं झालेलं होतं.

हॉलमध्ये जो गोंधळ उडाला तो मला लिहिता येणार नाही. भजनी मंडळाने टाळ्या वाजवल्या, त्या सवयीने ठेक्यात वाजल्या. गोविंदपुऱ्याचा एक पोरगा उठून माझ्याकडे आला, "सर, ये तो बातों में लगा लिया! इसमें स्किल क्या है?" मी सेक्रेटरीचा चेहरा करून विचारलं, "त्यांनी चुकीचं सांगितलं का?" तो राजूकडे बघायला लागला. राजू कपाळाला हात लावून हसत होता. "पूछा तो मैंने ही था यार," म्हणाला.

विक्रांत खुर्ची ओढून मंदाताईंशेजारी बसला. पडद्यावर मॅचचा हिशेब आला होता, कुणी किती मारले. मंदाताईंच्या पुढे शून्य. त्याने त्या शून्यावर बोट ठेवलं.

"काकू, मी यादीत हे कसं लिहू?"

"नको लिहूस रे. कॉल कुणी जोडला ते कुणी लिहीत नाही," मंदाताई म्हणाल्या आणि हेडफोनवरची टोपी काढून घडी करायला लागल्या.

मग रिवाजाप्रमाणे दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहिल्या. गोविंदपुऱ्याची पोरं ओळीने आली. विक्रांतशी हात मिळवला, आसिफशी मिळवला, पुढच्या दोघांशी मिळवला. शेवटी मंदाताई. राजू त्यांच्यापुढे आला, आणि आपल्याकडे चांगल्या घरचा कुठलाही मुलगा करील तेच त्याने केलं. पाया पडायला वाकला.

मंदाताईंनी झटकन पाय मागे घेतले.

"पैर-वैर नहीं, बेटा," त्या म्हणाल्या, आणि उजवा हात सरळ पुढे धरला. "हाथ मिलाओ. मैं टीम में हूँ."

राजू क्षणभर तसाच अर्धा वाकलेला राहिला. मग सरळ झाला, तळवा पँटला पुसला, आणि हात दिला. मंदाताईंनी तो चांगला करकचून दाबला. त्याच्या मागे अजून चौघे उभे होते, त्यांनीही आपापले तळवे पुसायला सुरुवात केली.